क्विन्तोचा कोंबडा

आमच्या इटालियनमध्ये सेत्तीमिओ म्हणजे सातवा आणि क्विन्तो म्हणजे पाचवा. आमच्या रोक्कालेनात एके काळी घराघरांत एवढी पोरं व्हायची, की संतांची नावं संपली की आईबाप सरळ आकडे घालायचे. ब्रिझींच्या घरातला सातवा तो सेत्तीमिओ, मेन्गीनींच्या घरातला पाचवा तो क्विन्तो. एका गल्लीतले, एका वर्गातले, एका बाकावरचे. बाकावरही क्विन्तो आत भिंतीशी, ऊब धरून, आणि सेत्तीमिओ बाहेरच्या टोकाला, मास्तरांच्या छडीच्या टप्प्यात. "पाचवा सातव्याच्या आधीच येणार," असं क्विन्तो तेव्हापासून म्हणायचा आणि सेत्तीमिओ हसायचा. साठेक वर्षं तो या एकाच विनोदावर हसत आला होता. एकाच विनोदावर माणूस इतकी वर्षं हसतो तेव्हा ते हसणं नसतं, हे गावात फक्त त्याच्या बायकोला, एलीदेला, ठाऊक होतं.

सेत्तीमिओचं चौकात सलून आहे. पाटीवर नाव त्याच्या बापाचं. पाटी चांगली होती, म्हणून बदलली नाही. लोक आजही "बापाकडे जाऊन दाढी करून येतो" म्हणतात आणि दाढी मुलगा करतो. हात मात्र असा हलका, की गिऱ्हाईक खुर्चीत झोपी जातं. याच हातामुळे त्याला गावच्या पुरातत्त्व मंडळात घेतलं होतं, आणि याच हातामुळे तो तिथं अडकून पडला.

मंडळ भरतं जुन्या कत्तलखान्यात. भिंतीवर मांस टांगायचे आकडे अजून आहेत, त्यांना आता नकाशे टांगलेले असतात. पेन्शनीतली दहाबारा माणसं शनिवारी तिथं जमतात, शेतातून आणलेली खापरं दातांच्या ब्रशनं धुतात, कॉफी पितात, भांडतात, पुन्हा धुतात. शरदात नांगरट झाली आणि पावसानं ढेकळं धुऊन निघाली, की रविवारी सगळे शेतात उतरतात. ओळ धरायची, प्रत्येकानं आपला पट्टा सांभाळायचा, मान खाली घालून पावलापावलानं पुढं जायचं. कोणाचा पट्टा कोणता, हे आदल्या संध्याकाळी फेदोराबाईंच्या टोपीतल्या चिठ्ठ्या ठरवतात. फेदोराबाई मंडळाच्या अध्यक्ष. अर्ध्या गावाला त्यांनी शाळेत शिकवलं आहे, त्यामुळे त्यांच्यापुढे सत्तरीचा माणूसही पाठीचा कणा ताठ करून बसतो. खणायचं नाही, उकरायचं नाही. वर पडलेलं तेवढं उचलायचं, जागा लिहून ठेवायची आणि पुरातत्त्व खात्याला कळवायचं, हा त्यांचा कायदा.

आणि एक रिवाज. ज्याला वस्तू सापडेल, त्याचं नाव त्या वस्तूला पडतं. कपाटात फेदोराबाईंची पणती आहे. इलारिओचा दात आहे. तो रानडुकराचा की इलारिओच्याच आजोबाचा, यावर अजून वाद आहे. नान्दोची घागर आहे. नान्दो जाऊन कैक वर्षं झाली, त्याचं घर रोमच्या कुणा दंतवैद्यानं विकत घेतलं, त्याच्या बायकोनं दुसरं लग्न केलं. पण शाळेची पोरं बघायला येतात तेव्हा कपाटापुढे उभी राहून म्हणतात, ही नान्दोची घागर. सेत्तीमिओला हे फार लागायचं. कबरीवरचं नाव वाचायला कोण जातं? घागरीवरचं सगळे वाचतात.

त्याच्या नावाचं कपाटात काही नव्हतं. पंचवीसेक वर्षं तो शेतं तुडवत होता आणि त्याला सापडायची ती कौलं. जुनी, फुटकी, रोमन काळातली, ट्रकभर मिळतील अशी कौलं. "कौलारू सेत्तीमिओ" असंही त्याला काही दिवस म्हणून झालं. उलट, कपाटातलं जे जे अखंड दिसत होतं ते त्यानं जुळवलेलं होतं. नान्दोची घागर नान्दोनं आणली तेव्हा पिशवीभर खापरं होती. तिची घागर केली सेत्तीमिओनं, हिवाळाभर बसून. पण जुळवणाऱ्याचं नाव वस्तूला पडत नाही. सलूनवाला नवरदेवाची दाढी करतो म्हणून काही वरात त्याची निघत नाही, असं तो स्वतःच म्हणायचा, आणि म्हणताना वस्तरा जरा जोरात चामड्यावर ओढायचा.

आता क्विन्तोला मंडळात आणलं कोणी? यानंच. क्विन्तोनं जन्मभर जवळच्या व्हितेर्बो शहराची बस चालवली. निवृत्त झाल्यावर तो दिवसभर चौकात बसून येणाऱ्याजाणाऱ्या बसला नावं ठेवायचा. सेत्तीमिओला त्याची दया आली. "चल आमच्यात," तो म्हणाला. "पाय मोकळे होतील."

"खापरं वेचायला?" क्विन्तो म्हणाला. "माझ्या आईनं आयुष्यभर फोडली ती गोळा करून दिली असती तर संग्रहालय झालं असतं."

"चालून झाल्यावर सगळे एकत्र जेवतात. भाजलेलं डुक्कर भरलेला पाव असतो."

"मग तसं सांग ना," क्विन्तो म्हणाला, आणि आला.

पहिलाच रविवार. फोस्सातो नावाचा मळा, एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला ओकच्या झाडापर्यंत चढ. चिठ्ठीत सेत्तीमिओला चराकाठचा सपाट पट्टा आला होता, क्विन्तोला चढाचा. क्विन्तोचा गुडघा बस चालवून चालवून खिळखिळा झालेला. दहा पावलं चढला आणि तोंड वाकडं करून उभा राहिला. सेत्तीमिओ म्हणाला, "ये, माझा पट्टा घे. मी जातो वर." कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मित्राचा गुडघा दुखला, याचा जीव कळवळला, बस्स.

वर चढावर सेत्तीमिओला तीन कौलं सापडली. खाली क्विन्तो अर्ध्या वाटेत कंटाळला, चराच्या बांधावर बसला, खिशातला पाव काढला आणि पहिला घास घेताघेता उठून उभा राहिला. बुडाखाली काहीतरी टोचलं होतं.

ती काळी सुरई होती. रोमनांच्याही आधीच्या एत्रुस्क लोकांच्या वेळची, ते थडग्यांत ठेवायचे तसली, आरशासारखी घोटलेली, नांगराच्या फाळानं फुटून त्याच जागी पसरलेली. मोठमोठे तुकडे. एकावर कोंबड्याचा पंजा, एकावर शेपटीचा झुपका, टोकदार सळीनं कोरलेला. फेदोराबाई चिखलात गुडघे टेकून बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खात्याच्या बाई दुसऱ्या दिवशी व्हितेर्बोहून आल्या, आणि आजूबाजूची मातीसुद्धा पेट्यांत भरून कत्तलखान्यात नेण्याची परवानगी देऊन गेल्या. सगळ्यांनी क्विन्तोच्या पाठीवर थापा मारल्या. क्विन्तो तोंडातला घास गिळत म्हणाला, "मी सांगितलं होतं ना, पाचवा सातव्याच्या आधी."

सेत्तीमिओ हसला. त्या रात्री तो जेवला नाही.

"तो पट्टा माझा होता," तो एलीदेला म्हणाला.

"मग दिलास कशाला?"

"त्याचा गुडघा दुखत होता."

"मग आता तुझं पोट दुखतंय," एलीदे म्हणाली आणि त्याच्यापुढचं सूप उचलून घेऊन गेली.

हेवा हे वाईट दुखणं. इतर दुखण्यांत माणूस चार लोकांना सांगतो, लोक काढे सुचवतात. हे दुखणं झाकून ठेवावं लागतं, आणि झाकलं की नासतं. सेत्तीमिओ दिवसभर सलूनमध्ये उभा, आणि येईल त्या गिऱ्हाइकाच्या तोंडी क्विन्तोची सुरई. त्यात दर बुधवारी खुद्द क्विन्तो दाढीला. गळा वर करून, डोळे मिटून, फेसातून बोलणं चालू.

"परवा चर्चमधून निघालो तर पाद्रीबाबा थांबवून विचारतात, तुला कसं रे कळलं तिथंच बसायचं? म्हटलं, बाबा, वरून आदेश आला."

"हलू नकोस," सेत्तीमिओ म्हणाला.

"आणि गंमत म्हणजे मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू एवढी वर्षं डोकं फोडतोयस. दैव असतं बघ एकेकाचं."

"हलू नकोस म्हटलं ना." वस्तरा गळ्याच्या घाटीशी क्षणभर थांबला. मग वर सरकला, हलका, नेहमीसारखाच. क्विन्तोला डुलकी लागली होती.

सुरई जुळवायला अर्थात सेत्तीमिओच. दुसरं कोण? हिवाळाभर तो शनिवारी धुवायचा आणि आठवड्यात दुपारी सलून बंद करून कत्तलखान्यात बसायचा. किल्ली त्याच्याकडे असे. वाळूच्या परातीत खापरं उभी करायची, कड कडेला लावून बघायची, बसली की गम लावायचा. सुरई खालून वर वाढत गेली. कोंबड्याचे पंजे आले, पोट आलं, पंख आले, मान आली. आणि मानेपाशी भोक. तळहाताएवढं. डोकं असलेला तुकडा कुठंच नव्हता.

तो मिळाला फेब्रुवारीत, शेवटच्या पेटीत, मातीच्या गोळ्यात गुंडाळलेला. सेत्तीमिओ बादलीवर वाकून ब्रशनं गोळा घासत होता. आधी तुरा दिसला, मग चोच, मग डोळा, एक गोल, त्यात एक टिंब. इतका ऐटबाज डोळा, की आत्ता आरवेल. फेदोराबाई पलीकडे नकाशावर वाकल्या होत्या, बाकीचे कॉफीभोवती. ओरडायला सेत्तीमिओनं तोंड उघडलं आणि त्याच्या मनात आलं, हेही क्विन्तोचंच. मी ओरडेन, सगळे धावतील, आणि उद्यापासून क्विन्तोच्या कोंबड्याला डोकं. त्यानं तोंड मिटलं. तुकडा ओला होता, तसाच पँटच्या खिशात गेला. मांडीला गार लागत राहिलं.

नंतर पुष्कळ वेळ तो स्वतःला सांगत होता, उद्या देईन. पुढच्या शनिवारी देईन. पेटीच्या तळाशी होता म्हणेन. पण बुधवार यायचा, क्विन्तो खुर्चीत बसायचा, आणि देणं पुढच्या आठवड्यावर जायचं.

एका दुपारी मात्र त्याला राहवलं नाही. गाव जेवून झोपलं होतं. कत्तलखान्याचं दार आतून लावून त्यानं तुकडा काढला, कडांना गम लावला आणि भोकात बसवला. असा बसला, जसा कधी निघालाच नव्हता. तो खुर्ची ओढून समोर बसला. कोंबडा पुरा झाला होता, छाती काढून उभा, आणि ज्यानं कोणी तो कोरला त्याच्यानंतर त्याला पुरा बघणारा जगात हा एकटाच. तेवढा वेळ सेत्तीमिओच्या मनात क्विन्तो नव्हता, नाव नव्हतं, काही नव्हतं. त्याला बरं वाटलं. मग चर्चची घंटा झाली. त्यानं एलीदेचं नेलपॉलिश काढायचं पाणी कापसावर घेऊन सांधा सोडवला, तुकडा पुसला आणि परत खिशात घातला.

"माझी बाटली कुठं गेली?" एलीदेनं संध्याकाळी विचारलं.

"मला काय ठाऊक."

"तुझ्या हातांना वास येतोय," ती म्हणाली.

भोक राखाडी प्लास्टरनं भरलं आणि ईस्टरला सुरई कपाटात बसली. सेत्तीमिओचा हिशेब असा, की बिनडोक्याच्या कोंबड्याचं कोण कौतुक करणार? झालं भलतंच. लोकांना डोकं नसल्याचीच मजा वाटली. वर्तमानपत्रात फोटो आला. आपल्या सासऱ्याचाच हा पूर्वज, असं इलारिओ सगळ्यांना सांगू लागला, आणि त्याच्या बेकरीत बिनडोक्याच्या कोंबड्याची बिस्किटं निघाली. व्हितेर्बोहून माणसं ती घ्यायला येऊ लागली. क्विन्तोचा कोंबडा म्हटलं की शेंबडं पोरही रस्ता दाखवायचं. करायला गेला एक आणि झालं दुसरं. डोकं खिशात ठेवून सेत्तीमिओनं क्विन्तोला आणखी मोठं केलं होतं. हे कळल्यावर त्याचा जो जळफळाट झाला तो सांगता येत नाही. बिस्किटं एलीदेनंही आणली होती. ती त्यानं कबुतरांना घातली.

आणि त्यातूनच त्याला ती युक्ती सुचली. तुकडा सापडायला हवा, पण आपल्याला. शेतात, सगळ्यांसमोर, दिवसाढवळ्या. जे डोकं नाही म्हणून सगळं गाव हसतंय ते सेत्तीमिओनं आणलं, असं झालं तर सुरई कुणाचीही असो, डोकं सेत्तीमिओचं. तो उन्हाळाभर या विचारावर जगला. गिऱ्हाइकांना वाटलं, माणूस सुधारला.

नोव्हेंबरात फोस्सातो पुन्हा नांगरला. शनिवारी चिठ्ठ्या निघाल्या. सेत्तीमिओला वरचा पट्टा, ओकच्या झाडाकडचा, क्विन्तोला चराकाठचा. सेत्तीमिओनं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि अंधारून यायच्या आत एकटाच मळ्यावर गेला. झाडाखाली, नांगराच्या दोन तासांच्या मध्ये, तुकडा अर्धा मातीत दाबला. तुरा जरा वर राहील असा. परतताना ओल्या मातीवरून पाय घसरला आणि घोटा मुरगळला. देवाला खुणेनं सांगायचं असतं तेव्हा तो असंच सांगतो, पण सेत्तीमिओ घोट्याला पट्टी बांधून झोपी गेला.

सकाळी ओळ लागली. सेत्तीमिओ लंगडत वरच्या टोकाला निघाला.

"ए, काय झालं रे पायाला?" क्विन्तो खालून ओरडला.

"काही नाही."

"काही नाही काय, बदकासारखा चालतोयस. ये खाली. माझा पट्टा घे, सपाट आहे."

"नको, मी जातो."

"अरे, मागच्या साली माझा गुडघा दुखत होता तेव्हा तू दिलास की नाही? बाई, हा ऐकत नाही बघा."

"सेत्तीमिओ," फेदोराबाई चष्म्यावरून म्हणाल्या, "हट्ट करू नकोस. खाली जा."

सगळी ओळ त्याच्याकडे बघत थांबली होती. काय सांगणार? सेत्तीमिओ खाली आला. क्विन्तो कण्हत, कुथत, काठी टेकत वर गेला. त्यानं जाताना सेत्तीमिओच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "फिटंफाट."

सेत्तीमिओ त्या दिवशी मातीकडे बघतच नव्हता. तो चालत होता आणि मान तिरकी करून ओककडे बघत होता. क्विन्तो झाडाखाली आला. थांबला. वाकला. आता ओरडेल. आता हेही त्याचंच. या माणसाला मी माझ्या हातानं दोनदा दिलं.

क्विन्तो ओरडला नाही. तुकडा हातात घेऊन त्यानं माती पुसली, उलटा केला, कडेवर नख फिरवलं, डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ उभा राहिला.

"क्विन्तो, काही आहे का?" फेदोराबाईंनी विचारलं.

"कौल," क्विन्तो म्हणाला. "सेत्तीमिओची कौलं माझ्या वाट्याला आली." सगळे हसले. त्यानं हात खिशात घातला आणि पुढं चालू लागला. जेवताना तो नेहमीसारखाच बोलला, डुकराचा पाव दोनदा घेतला. सेत्तीमिओकडे बघितलं मात्र एकदाही नाही.

बुधवारी तो दाढीला आला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. खुर्चीत बसला, टॉवेल स्वतःच गळ्याला लावला आणि खिशातून तुकडा काढून आरशाखाली कंगव्यांशेजारी ठेवला. कोंबड्याचा डोळा दोघांकडे बघत होता.

"गम लागलाय कडेला," क्विन्तो म्हणाला. "बारीक दोरा आहे, वाळलेला. मातीत अडीच हजार वर्षं पडलेल्या खापराला गम कुठून आला?"

सेत्तीमिओनं फेसाचा ब्रश वाटीत फिरवला. फिरवतच राहिला.

"आणि झाडाखाली का ठेवलास रे? सुरई खाली चराकाठी होती. नांगर आणि पाऊस तुकडे वरून खाली आणतात, खालून वर नेत नाहीत, हे पहिल्याच शनिवारी तू मला शिकवलंस. मी तिथं ओरडलो असतो तर बाईंनी दुसऱ्याच दिवशी ओककडे थडगं आहे म्हणून खात्याला कळवलं असतं. नसलेल्या थडग्यापायी माणसं वर्षभर चिखल उपसत बसली असती. पुढं ते कुठल्या तरी पुस्तकातही गेलं असतं. एवढं तुझ्या डोक्यात आलं नाही?"

आलं नव्हतं. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलेली गोष्ट त्याच्या स्वतःच्या डोक्यात आली नव्हती. सेत्तीमिओला आता लाज वाटली ती चोरीची नाही, या मूर्खपणाची. आणि तो मूर्खपणा याच्या तोंडून ऐकावा लागला.

"तो पट्टा माझा होता," तो म्हणाला. "सुरई माझी होती. मी तुला दिला पट्टा. मी तुला मंडळात आणलं. मी ती जुळवली. तुला तर धड हातात धरता येत नाही ती."

क्विन्तो आरशातून त्याच्याकडे बघत राहिला. त्याला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"तुला हवी होती?" तो म्हणाला. "एवढंच होतं? अरे, मग मागायची. मला काय करायचीय सुरई? मी पावासाठी येतो."

सेत्तीमिओला वाटलं, यानं शिवी दिली असती, चौकात ओरडला असता, तर बरं झालं असतं. ज्याच्यासाठी आपण वर्षभर आतून करपलो, ते या माणसाला बिस्किटाएवढंही नको होतं. फुकट मिळालं होतं, म्हणून ठेवलं होतं.

"दाढी कर आता," क्विन्तो म्हणाला आणि डोळे मिटून मान मागं टाकली. "फेदोराबाईंना सांग, शेवटच्या पेटीत सापडला. राहिला होता धुवायचा. खरंच आहे ना ते? पेटीतच होता ना?"

"पेटीतच होता."

"मग झालं."

सेत्तीमिओनं दाढी केली. कुठं कापलं नाही. क्विन्तो पुन्हा झोपला.

शनिवारी सेत्तीमिओनं सांगितलं तेव्हा फेदोराबाईंनी त्याला मिठी मारली. त्या आजवर कुणाला मिठी मारताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं सगळ्यांसमोर प्लास्टर काढलं, गम लावला, तुकडा बसवला. त्याच्या हातांना वाट पाठ होती, म्हणून फार लवकर बसला; "काय हात आहे," लोक म्हणाले, आणि त्याचे कान लाल झाले. वाइनची बाटली उघडली. तेव्हा क्विन्तो ग्लास घेऊन उभा राहिला.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "ही सुरई ज्या पट्ट्यात होती तो चिठ्ठीनं सेत्तीमिओचा होता. माझा गुडघा दुखत होता म्हणून त्यानं मला दिला. शोधली ती माझ्या बुडानं. बुडाचं नाव कपाटात लावायचं का? जुळवली त्यानं, डोकं आणलं त्यानं. तर यापुढं ही सेत्तीमिओची सुरई. मला कुणी त्याबद्दल विचारू नका."

टाळ्या पडल्या. इलारिओच्या डोळ्यांत पाणी आलं, तो क्विन्तोच्या गळ्यात पडला. फेदोराबाई नाक पुसत म्हणाल्या की चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, पण असा मोठा माणूस आपल्या वर्गात कधी बसला नाही. सगळे क्विन्तोभोवती. सेत्तीमिओ सुरईशेजारी एकटा उभा होता. त्याला हवं होतं ते त्याला मिळालं होतं.

आता कपाटात सुरईखालच्या पाटीवर त्याचं नाव आहे. जन्मात पहिल्यांदा, कुठल्याही पाटीवर. शाळेची पोरं येतात, कपाटापुढे उभी राहतात आणि म्हणतात, सेत्तीमिओची सुरई. मग फेदोराबाई त्यांना गोष्ट सांगतात. कशी ती खरं तर क्विन्तोला सापडली, आणि कसा त्यानं सगळ्या गावासमोर उभं राहून मित्राला मान दिला. पोरं विचारतात, क्विन्तो कोण? क्विन्तो कोपऱ्यात कॉफी पीत बसलेला असतो, तो हात वर करतो, पोरं त्याच्याकडे बघत राहतात. सेत्तीमिओ बादलीवर वाकून कौलं धूत असतो.

एकदा असाच तो घरी आला आणि टोपी न काढताच खुर्चीत बसला. एलीदेनं त्याच्यापुढे सूप ठेवलं.

"आता काय?" ती म्हणाली. "नाव झालं, डोकं बसलं, लोक टाळ्या वाजवून मोकळे झाले. अजून काय पाहिजे तुला?"

सेत्तीमिओनं चमचा उचलला आणि परत ठेवला.

"तो उभा राहिला ना, ग्लास घेऊन," तो म्हणाला. "तसं मला उभं राहायचं होतं. डोकं सापडलं त्या दिवशी मी ओरडून त्याला हाक मारली असती, तर मी तसा झालो असतो. एलीदे, त्यानं तेही माझ्या आधी केलं."

एलीदेनं त्याची टोपी काढून खुंटीला लावली, आणि या वेळी सूप तिथंच राहू दिलं.